पाच बटणं

माती तपासणीच्या खिडकीसमोर रांग होती. माझ्यापुढे एक आजी, त्यांच्यापुढे एक गृहस्थ. त्यांनी मागे वळून आजींना विचारलं,

"आजी, सगळे मातीची पिशवी घेऊन आलेत. तुमच्या रुमालात काय आहे?"

"आमच्या ह्यांचा सदरा."

"ही तर पाच बटणं आहेत!"

"तेवढीच उरली. बाकीचा मातीनं खाल्ला."

"म्हणजे?"

"आम्ही बारा घरांनी मिळून फवारणी बंद केली. शेण, पालापाचोळा घालायला लागलो. माती सुधारतेय की नाही, कळायचं कसं? म्हणून दर वर्षी एक सुती सदरा पुरायचा आणि दोन महिन्यांनी उकरायचा."

"मग?"

"पहिल्या वर्षी जसाच्या तसा निघाला. धुतला, आणि हे तोच घालून हिंडले. धाकटा दीर पोट धरून हसला. म्हणाला, वहिनी, मेलेल्या मातीला कसलं जेवायला वाढताय!"

"दुसऱ्या वर्षी?"

"बाह्या गेल्या."

"आणि यंदा ही बटणं."

"बाराही घरं जमली होती. उकरतोय, उकरतोय, सदरा सापडेचना. मला वाटलं, जागाच चुकली. मग गांडुळं दिसली, आणि त्यांच्यात एकेक बटण. लोकांनी चपला काढून ठेवल्या."

"आणि तुमचे दीर?"

"त्याचं शेत बांधाला लागून. तीन वर्षं आमच्यात आला नाही. त्या दिवशी किती वेळ बटणं बघत बसला. मग अंगातला सदरा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, वहिनी, हा माझ्या शेतात पुरा. आणि परत आणून देऊ नका."