उंट नसलेला माणूस

सौदीतल्या होफूफ शहरातल्या दवाखान्यात नूरा आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. पडद्यापलीकडे एक म्हातारा खोकत होता आणि त्याची बायको त्याची उत्तरं दुरुस्त करत होती.

"वय, काका?"

"साठ."

"चौऱ्याहत्तर, सिस्टर. यांच्या पाठच्या भावाची सत्तरी उलटली."

"साखर?"

"नाही."

"आहे. इन्सुलिन मीच टोचते."

"किडनी?"

"ठणठणीत!"

"एक निकामी झालीय."

"मग हिलाच भरती करा, सगळं हिलाच ठाऊक!"

"काका, हा उंटाकडून येणारा ताप असला, तर वय, साखर, किडनी, यातल्या एकानंही माणूस दगावू शकतो. तुमच्याकडे तिन्ही आहेत. घरी उंट आहे का?"

"असला तर?"

"त्यालाही तपासायला नेतील."

"मग नाही."

या वेळी बायको काही बोलली नाही.

"बरं. आजपासून वेगळ्या खोलीत राहायचं. भेटायला कुणी येणार नाही."

"किती दिवस?"

"दोन आठवडे तरी."

खोकल्याची एक उबळ आली आणि गेली.

"रकानच्या आई..."

"बोला ना."

"सफ्राचं दूध काढताना तोंडाला फडकं बांध. आणि माझ्यासारखी तिच्या नाकाची पापी घेऊ नकोस. सर्दी झालीय तिला."