आठ पोळ्या झाल्या की बसायचं

माझं माहेर खेडच्या आत, डोंगराच्या पायथ्याला, लग्न होऊन डोंबिवलीत आले ती आजपर्यंत इथंच. मिस्टर एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते, आता घरीच असतात. मी पोळ्या लाटते. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन, चार घरं होती माझी, सकाळी सहाला निघायचं नि बाराला परत, एका घरी सोळा, एका घरी पंचवीस, बोलता बोलता व्हायच्या. लोक म्हणायचे मावशींच्या पोळ्या रात्रीपर्यंत मऊ राहतात. राहतात, खोटं कशाला बोलू.

मग दोन वर्षांमागं झटका आला. दात घासत होते नि डाव्या हातातला तांब्या पडला, उचलायला गेले तर हात ऐकेना, तोंडही वाकडं. मिस्टरांनी रिक्षात घातलं नि कल्याणला नेलं. डोक्यात रक्ताची गुठळी अडकलेली. तोंड पंधरा दिवसांत सरळ झालं, हात यायला चार महिने गेले. सगळे म्हणाले, बघून वाटत पण नाही गं काही झालंय. तिथंच तर घोळ झाला.

काय सांगू तुम्हाला, दमणं मला ठाऊक होतं असं मला वाटायचं. चार घरं करून बाई दमते, आडवी पडते, उठते, परत कामाला लागते. हे तसलं नाही. हे झोपून जात नाही. अंघोळ केली की दमले, केस विंचरले की दमले, कोण जरा जास्त बोललं तरी दमले, बोलणं ऐकू येतं पण आत काही जात नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी ताई होती, ती म्हणाली, मावशी, दमल्यावर नाही थांबायचं, दमायच्या आधी थांबायचं. मी म्हटलं, हात चालतोय तर बाई थांबते होय कधी. मिस्टर म्हणाले, ताई, कुणाला सांगताय, ही कुकरच्या शिट्ट्या पण उभ्यानं मोजते.

तर सहा महिन्यांनी मी चारही घरं परत धरली. ठणठणीत आहे म्हणून सांगितलं सगळीकडे. बरं वाटलं त्या दिवशी चारही घरं रेटायची, मग दोन दिवस अंथरुणात, मग खोटं, पाव्हणे आलेत, नळाला पाणी नव्हतं. एकदा तिसऱ्या घरी, तिथल्या वहिनी ऑफिसला गेलेल्या, ओट्याला टेकून डोळे मिटले एवढंच आठवतं, उघडले तर तव्यावर पोळीचा कोळसा, घरभर धूर, नि शेजारचे दार वाजवतायत. वहिनी ओरडल्या नाहीत. मावशी, तुम्ही आराम करा म्हणाल्या. आराम करा म्हणजे उद्यापासून येऊ नका, हे आम्हाला कळतं. त्याच बिल्डिंगमधली आणखी दोन घरं आठवड्यात गेली.

राहिलं काकूंचं घर, सोळा पोळ्यांचं. काकू शाळेत बाई होत्या, आता रिटायर. हे पण गेलं तर मी नुसती घरात पडून राहणार, त्याची मला लई भीती वाटायची. आणि आमच्यात पोळीवाली बसत नाही हो, ओट्यापाशी उभी राहते, चहा दिला तर तो पण उभ्यानंच पिते. कोण सांगत नाही तसं, पण तसंच असतं. तरी एक दिवस आठवी पोळी उतरवली नि म्हटलं, काकू, मी बरी नाही. आठ पोळ्या झाल्या की मला बसावं लागतं.

काकूंनी गॅस बंद केला. बाहेरनं जेवायच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली, बसा म्हणाल्या. एकोणीस वर्षं त्या घरात जाते, बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा. रडू आलं. झटक्यानंतर मला कशालाही रडू येतं, म्हणून मी त्याचं काही धरत नाही.

आता तेवढं एकच घर. बाकीच्यांना आधीच खरं सांगितलं असतं तर ती घरं राहिली असती का, काही सांगता येत नाही, बहुतेक नसतीच. दमणं आहे तसंच आहे, डॉक्टर म्हणतात कमी होईल, होईल तेव्हा होईल. कधी आठ होतात, कधी सहालाच बसते, नि आता सांगावं लागत नाही. काकूंचं भलं होवो, आणखी काय.