एका नंबरावर दोघं

(विशाखा लातूरला ऑफिसात, तिचा भाऊ आनंदराज नांदेडला. दोघं फोनवर.)

आनंदराज : मी तवाच म्हणलं होतं, कॅमेऱ्याला हातानं नेटचा आयपी नंबर देऊ नको. राउटरचं काम राउटरला करू दे.

विशाखा : भांडण मागून, दादा. देगलूरच्या घरचा कॅमेरा बघ आधी. आई साक्षीला घास भरवतेय. मला वाटलं न्याहरी चाललीय. पण किती वेळ झाला, घासाचा हात तिथंच! आणि आई फोन घेत नाही.

आनंदराज : फोन चार्जिंगला लावून मागं भांडे घासत असंल.

विशाखा : दोन वर्षांची पोर आहे माझी तिथं. शेजारच्या महादेवप्पाकाकांना पाठवते.

आनंदराज : मागच्या बारीला पाठवलं तर काय म्हणली? ‘मी मेले का बघायला माणसं धाडता!’ आठ दिवस बोलली न्हाई. थांब, तिचं राउटर माझ्या मोबाइलवर दिसतं... हां. काल संध्याकाळी लाइट गेलती तिकडं.

विशाखा : त्याचं काय?

आनंदराज : राउटर बंद पडून चालू झालं की घरातल्या नेटवरच्या सगळ्या वस्तूंना नव्यानं नंबर वाटतं. तू कॅमेऱ्याला दिलेला नंबर त्यानं टीव्हीला देऊन टाकला. एका नंबरावर दोघं. कॅमेरा अडकला, तू कालचं जेवण बघून राहिलीस.

विशाखा : म्हणजे टीव्ही चालू आहे? मग आई उठलीय! बाई गं, जीवात जीव आला.

आनंदराज : टीव्ही रात्रभर चालूच हाय, विशू.

विशाखा : आई टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय झोपत नाही.

आनंदराज : हाव. टीव्हीला नेटवरून बाहेर काढतो. आता बघ.

विशाखा : फिरतंय नुसतं... आलं. साक्षी दिसली! बिस्किटाचा पुडा घेऊन बसलीय.

आनंदराज : अन् आई?

विशाखा : खाली. फरशीवर. साक्षी तिच्या तोंडाला बिस्किट लावतेय, दादा.

आनंदराज : मी निघालो. एकशेआठला मी लावतो, तू काकांना लाव.

(विशाखा दुसरा फोन लावते.)

महादेवप्पा : बोल की गं, पोरी.

विशाखा : काका, जरा आमच्या घरात जाऊन बघता का? मागचं दार नुसतं लोटलेलं असतं. हाका मारू नका मोठ्यानं. साक्षीला वाटतंय, आजी झोपलीय.