निगेटिव आधी काढायचं

आम्ही छत्रीबागेतले. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, घोडे सांभाळायचे, मी गाड्या सांभाळतो, बड्या गणपतीजवळ वायरिंगची दुकान आहे माझी, पंचवीस वर्षं झाली. आई मी लहान असतानाच गेली, वाढवलं दादाने आणि वहिनीने, वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा, तिच्या हातची पोळी खाऊन मोठा झालो, मी लग्न केलं नाही, तर माझं जे काय आहे ते तीच.

दादा रिटायर झाला आणि त्याला खूळ लागलं, जुनी मिनीबस घेतली आणि आत घरच केलं, पलंग, पंखा, छोटा ओटा, कारण वहिनीचे गुडघे गेलेले, लॉजचे जिने चढवत नव्हते, अन् तिला महेश्वरला नर्मदेकाठी राहायचं होतं. वायरिंग मी केली. काय सांगू तुम्हाला, बारा व्होल्टला लोक खिलौना समजतात, हात लावला तरी झटका बसत नाही ना, पण झटका देत नाही म्हणून जाळत नाही असं थोडंच आहे भिया, तार पत्र्याला घासली की खेळ खलास. म्हणून दर महिन्याला जायचो, पलंगाखालच्या बॅटरीचं पाणी बघायचं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायची, वॅसलीन लावायचं, आणि जिथे जिथे तार पत्र्यातून जाते तिथे बोट फिरवून बघायचं, रबर जागेवर आहे की नाही. दादाला एकच शिकवलं होतं, काहीपण झालं तर बॅटरीचं निगेटिव आधी काढायचं, म्हणजे करंट बंद, बाकी मला फोन.

त्या महिन्यात गेलो नाही. अनंत चतुर्दशी चार दिवसांवर आलेली, मिरवणुकीतल्या एका झाँकीची, म्हणजे चित्ररथाची, लाइटिंग माझ्याकडे होती, बोललो पुढच्या हप्त्यात बघू. घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालेलं होतं, तर दादा-वहिनी निघाले. दुपारी मानपुरवरून दादाचा फोन, वहिनी ढाब्यावर चहा पीत बसलेली, दादा बोलला अरे माधव, तू दिलेले पाचही फ्यूज उडाले, पंखा बंद आहे, हिला गरम होतंय. आता पाच फ्यूज उडतात मतलब कुठेतरी तार घासली आहे, हे मला कळत नव्हतं का, कळत होतं. बोलायला पाहिजे होतं की निगेटिव काढ, तिथेच थांब, मी येतो, तासाभराचा तर रस्ता आहे. पण मी शिडीवर, खाली झाँकीवाले ओरडताहेत, मी बोललो फ्यूजच्या जागी तांब्याची तार लाव, ती उडत नाही, परत आलास की करून देतो. आमच्या लाइनमध्ये सगळे करतात हो, मी स्वतः किती वेळा केलं, काम चल जाता है.

पंखा चालू झाला. घाट उतरताना पलंगाखालून धूर आला. दादाने गाडी थांबवली, वहिनीला पाठीवर घेऊन खाली उतरवलं, कडेला बसवलं, आणि बोलला बस इथे, निगेटिव काढून येतो. परत आत गेला तो गेलाच.

वहिनीला वाटतं दादाने आपल्याच मनाने तार लावली. लावताना तिने बघितलं, फोन नाही ऐकला. तेराव्याला सगळ्यांसमोर बोलली, ह्यांना किती वेळा सांगितलं, माधवला विचारल्याशिवाय तारेला हात लावू नका. मी समोरच बसलो होतो. सांगणार होतो, खरंच सांगणार होतो, तर तिने माझ्या पानावर पोळी वाढली, बोलली तू खाऊन घे, तूच राहिलास आता.

आधी म्हणायचो तिला त्रास नको म्हणून गप्प आहे. खोटं. ती मला दारात उभं करणार नाही, त्याला घाबरतो मी. सोमवारी जातो, तिच्या इन्वर्टरच्या बॅटरीत पाणी घालतो, दुसऱ्या कोणाला ती हात लावू देत नाही. निघताना पाया पडतो, ती डोक्यावर हात ठेवते, बोलते शंभर वर्षं जग. तिचे आशीर्वाद खरे होतात हो, लहानपणापासून बघतोय, तीच तर भीती आहे.