माहिती केंद्रातल्या ताईचा आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्षस्थान भूषवणारे आपले मुख्य वनाधिकारी साहेब, दवाखान्यातून सवड काढून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टरीणबाई, व्यासपीठावरची सर्व वडीलधारी मंडळी, जिच्यासाठी आपण इथे जमलो आहोत ती सत्कारमूर्ती, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, समोर बसलेले पहारेकरी, स्की शिकवणारे गुरुजन, उपाहारगृहातले सहकारी, दर हिवाळ्यात न चुकता येणारे आपले पर्यटक, आणि पहिल्या रांगेत ताईला धरून, मांडीवर घोंगडी घेऊन बसलेली आमची आई, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला बोलता येत नाही. ही नम्रता नाही, वस्तुस्थिती आहे. आमच्या घरात बोलण्याचं खातं पहिल्यापासून ताईकडे. माझ्याकडे बर्फ दाबण्याचं यंत्र. पहाटे तुम्ही पांघरुणात असता तेव्हा मी जंगलातले मार्ग सपाट करत फिरते. तुमची स्की सुळकन घसरते, मुलांच्या घसरगाड्या टेकडीवरून अलगद उतरतात, ते माझ्यामुळे. पण कुणाला विचारलं, की या जंगलात तुम्हाला कोण आठवतं, तर काय उत्तर येतं? ‘ती फोनवरची बाई. काय गोड बोलते हो!’

साहेब, गेली कित्येक वर्षं हे उत्तर मी ऐकते आहे आणि दर वेळी माझ्या पोटात दुखतं. आज निरोपाचा दिवस आहे, चांगलंच बोलायचं असतं, हे मला कळतं. पण ही मला लहानपणापासून ओळखते. खोटं बोलले तर इथेच माझा कान धरेल.

नव्यांसाठी सांगते. आपल्या माहिती केंद्राच्या क्रमांकावर फोन केला, की त्या दिवसाची स्थिती ऐकू येते. ती रोज सकाळी ताई आपल्या आवाजात नोंदवते. ‘नमस्कार. रात्री नवा बर्फ पडला आहे. पाइनमधला मार्ग उत्तम आहे. तळ्यावरचा बर्फ कच्चा आहे, तळ्याची वाट बंद आहे. गरम कपडे घालून या. आम्ही वाट पाहतो आहोत.’ आता नियमाप्रमाणे निवेदन ‘गरम कपडे घालून या’ इथे संपतं. ‘आम्ही वाट पाहतो आहोत’ हे ताईचं स्वतःचं. कोण वाट पाहतं? मी तर नाही पाहत. माणसं आली की माझे सपाट केलेले मार्ग उखडतात! पण त्या चार शब्दांवर लोक लांबलांबून यायचे. एक आजोबा स्की करत नव्हते, चालताही येत नव्हतं त्यांना धड, तरी रोज फोन करायचे.

आणि रोज फोन करणारं दुसरं माणूस माझ्याच घरात होतं. आई.

आई माझ्याकडे असते. तिचं विसरणं सुरू झालं तेव्हापासून तिचं जेवणखाण, औषधं, पायमोजे, सगळं मी आणि माझे यजमान बघतो. ताई केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये राहायची. रविवारी यायची, आईला नवी टोपी आणायची, गोड बोलून जायची. मार्ग सपाट करून मी न्याहारीला घरी यायचे. आईच्या समोर बसून पावाचे तुकडे करून द्यायचे, आणि आईच्या कानाला फोन! नोंदवलेला आवाज तो, पण आई त्याच्याशी गप्पा मारायची. ‘हो का गं? रात्री पडला का? तू जेवलीस?’ मी काही विचारलं, की मला हातानं गप्प करायची. ‘थांब जरा. ताई बोलतेय.’

सांगा, बायांनो, जळणार नाही तर काय करणार माणूस?

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात असाच भरपूर बर्फ पडला. सुट्टी होती, वाहनतळ भरला होता, टेकडीवर पोरांचा नुसता कल्लोळ. वाढता बर्फ म्हणून मी न्याहारीनंतर पुन्हा यंत्र घेऊन निघाले. माझे यजमान शेजारी फावडं मागायला गेले. तेवढ्या वेळात आईनं त्यांचा मोठा कोट चढवला आणि ती घराबाहेर पडली. आमचं घर जंगलाच्या फाटकाजवळच. फोनवरची मुलगी ‘वाट पाहतो आहोत’ म्हणाली होती. आई निघाली.

फाटकावरचे दाढीकाका इथे बसले आहेत. काका, तुम्ही मान खाली घालू नका, तुमची काही चूक नव्हती. एक म्हातारी त्यांना म्हणाली, ‘माझी मुलगी इथे बोलते, ती कुठे?’ त्यांना वाटलं, कुणाच्या तरी सहलीतली आजी. ते हसून म्हणाले, ‘आत आहेत सगळे, आजी.’

यजमानांनी केंद्रात कळवलं, आणि आई घरात नाही हे वायरलेसवर मला कळलं तेव्हा बर्फ इतका दाट पडत होता, की यंत्राच्या दिव्यापलीकडे दिसत नव्हतं. मी तशीच केंद्रात गेले. साहेबांनी टेकडी रिकामी करायला सांगितली होती. स्कीचे गुरुजन निघाले होते. ताई माइकसमोर बसली होती, पांढरीफटक. मी तिला म्हणाले, ‘तू बोलावलंस म्हणून गेली ती.’

तिनं माइक जवळ ओढला.

सगळ्यांचं मत पडलं, की आई पाइनमध्ये गेली असणार. फाटकापासून तोच मार्ग जवळचा, आणि निवेदनात त्याचंच कौतुक. मी तिकडे निघाले. मागे खांबांवरच्या कर्ण्यांतून ताईचा आवाज सुरू झाला. आधी सरकारी भाषेत, ‘एक वयस्कर महिला हरवली आहे, पर्यटकांना विनंती आहे...’ मग ती मध्येच थांबली. आणि म्हणाली, ‘आई, मी बोलतेय. जिथे आहेस तिथेच बस. कुठेही जाऊ नकोस. धाकटी तुला न्यायला येतेय.’

मग ती बोलतच राहिली. आईनं आवाज ऐकावा, हलू नये, म्हणून सुचेल ते बोलत राहिली. आमचं जुनं घर, स्वयंपाकघरातली हिरवी खुर्ची, बाबांचं घोरणं. यंत्राच्या घरघरीत मला अर्धं ऐकू येत होतं. आणि मग मला माझं नाव, म्हणजे ‘धाकटी’, पुन्हा ऐकू आलं. पुढे काय म्हणाली ते कळेना. आता खरं सांगते मंडळी, आई हरवली आहे, जीव टांगणीला लागला आहे, आणि तरीसुद्धा ही बया माझ्याबद्दल सगळ्या जंगलाला काय सांगतेय, ते ऐकल्याशिवाय मला राहवेना. मी यंत्र बंद केलं.

ताई म्हणत होती, ‘आई, तू धाकटीला उशीखालून लिमलेटच्या गोळ्या द्यायचीस ना, ते मला माहीत होतं. मी झोपेचं सोंग घ्यायचे. तिला ताप आला की तू रात्रभर तिच्या उशाशी. मी मुद्दाम गार पाण्यानं अंघोळ करायचे, मलाही ताप यावा म्हणून. मला मेलीला कधी शिंकसुद्धा आली नाही. आता तिच्या घरी राहतेस. रविवारी मी येते आणि तू तिच्याकडे बघून विचारतेस, हिला चहा दिलास का? मला! पाहुणी असल्यासारखं! मी घरी जाऊन रडते, आई.’

त्या दिवशी टेकडीवरच्या, वाहनतळावरच्या, उपाहारगृहातल्या यच्चयावत माणसांना कळलं, की गोड आवाजाची ती बाई आपल्या धाकट्या बहिणीवर जळते. मला कळलं ते मात्र सगळ्यांच्या शेवटी, पाइनमध्ये एकटीनं उभं राहून.

यंत्र बंद होतं म्हणून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बर्फात आवाज दबतो. टेकडीकडून गोंगाटात मिसळलेलं काहीतरी येत होतं. पण तळ्याच्या बाजूनं, जिथे वाट बंद, माणूस नाही, तिथल्या एकट्या खांबावरून ताईचा शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. तळ्यावर कुणी जाऊ नये म्हणून बसवलेला तो कर्णा. सकाळपासून तो ताईच्याच आवाजात ‘इकडे येऊ नका’ सांगत होता. पण आईला शब्दांशी काय देणंघेणं? ती आवाजाच्या मागे जाणार.

यंत्र तिकडे नेणं शक्य नव्हतं, काठाची जमीन कुठे संपते ते दिसत नव्हतं. मी गुडघाभर बर्फातून चालत गेले. आई खांबाच्या बुंध्याशी बसली होती. पलीकडे चार पावलांवर कच्चा बर्फ. पायांत घरातल्या सपाता. ओठ निळे. तोंड वर करून ती कर्ण्याकडे बघत होती.

‘आई, ऊठ.’

‘थांब गं. ताई बोलतेय.’

मी हात धरला, तिनं सोडवून घेतला. ओढलं तर खांबाला मिठी मारली. आवाज चालू असेपर्यंत ती उठेना, आणि थंडी तिला आतून खात होती. मग मी वायरलेस काढला आणि ओरडले, ‘ताई, आई सापडली. आता गप्प बस!’

कर्णा थांबला. लहानपणापासून हे वाक्य तिला म्हणायची माझी इच्छा होती. ते असं म्हणावं लागेल असं नव्हतं वाटलं.

जंगल एकदम शांत झालं. आईनं मान खाली केली, माझ्याकडे नीट पाहिलं. ‘आलीस? ती म्हणालीच होती, तू येशील म्हणून.’ मी तिला पाठीवर घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय वाचवले. दोन बोटं अजून बधिर आहेत, बाकी ती ठणठणीत आहे, भांडते व्यवस्थित. वर्तमानपत्रात मथळा आला, ‘आवाजाने वाचवले प्राण’. सोबत ताईचा मोठा फोटो. मीही आहे त्यात. डाव्या कडेला जे कोपर दिसतं, ते माझं.

कर्ण्यावरून ती जे बोलली, त्याबद्दल आम्ही दोघी आजवर एकमेकींशी बोललो नाही. तिनं काढलं नाही, मी विचारलं नाही. आज तुम्हा सगळ्यांच्या साक्षीनं पहिल्यांदाच बोलते आहे, म्हणजे तिला उठून जाता येणार नाही.

आता निवृत्त झाल्यावर ताईला क्वार्टर सोडावं लागणार. काल संध्याकाळी ती आमच्याकडे आली. चहा झाला, तरी उठेना. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मी इथे राहायला आले तर? तू कामावर असताना आईजवळ कुणीतरी हवंच.’

मी हिशेब केला. मी पहाटे निघणार. आईची अंघोळ, न्याहारी, दुपारची झोप, सगळं आता हिच्या वाट्याला. दिवसभर आई आणि ही. मी संध्याकाळी दमून येणार, तेव्हा दोघींचं काहीतरी हसणं चाललेलं असणार आणि मला विनोद कळणार नाही.

ताईनं विचारलं, ‘तुला चालेल ना?’

‘नाही चालणार,’ मी म्हणाले. ‘पण ये.’

तर मंडळी, संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, साहेबांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं, तुम्ही थंडीत इतका वेळ बसलात, त्याबद्दल सर्वांची मी ऋणी आहे. ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर तो यंत्रावर बसणाऱ्या बाईचा समजून पोटात घाला. ताई, पुष्पगुच्छ घ्यायला पुढे ये. आईला मी धरते.