आत्याने आणलेलं मीटर

सायकलच्या दुकानात माझ्या पुढे एक बाप-लेक सायकल धरून रांगेत उभे होते.

“बाबा, खरंच विकायची?”

“गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा महिने झाले, बाळा. रविवारच्या गटात ताशी वीस किलोमीटरचा वेग लागतो. माझा काटा तेराच्या पुढे जाईना.”

“तेरा कोण म्हणतं?”

“हे काय, आत्याने परदेशातून आणलेलं मीटर. जुन्यावर बावीस दिसायचे!”

“रोज पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येता, ते अंतर किती?”

“आठ किलोमीटर. रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत की.”

“आणि मीटर किती दाखवतं?”

“पाच. जरा झोपाळू आहे, तुझ्या आत्यासारखं.”

“वा! अंतर सांगताना झोपाळू, आणि वेग सांगताना एकदम खरं?”

“म्हणजे?”

“बाबा, हे मैल मोजतंय. एक मैल म्हणजे साधारण एक पूर्णांक सहा किलोमीटर. तेव्हा तुमचा वेग—”

“थांब! मला करू दे. दहा मैलांचे सोळा, तीन मैलांचे चार पूर्णांक आठ... वीस पूर्णांक आठ!”

“शाब्बास!”

“अगं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“त्या मीटरला कुणाला हात लावू देता का तुम्ही?”

तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, “बोला काका, काय करायचंय?”

“ब्रेक घट्ट करून द्या. रविवारी उतारावर लागतील.”