सासऱ्यांची शिडी आणि माझ्या पाच काठ्या

नाही, तुम्ही हसा, खुशाल हसा! पण तुम्हाला सांगतो, ज्याच्याकडे मासे धरायच्या पाच काठ्या आहेत आणि त्या ठेवायला जागा नाही, त्याचं दुःख त्यालाच ठाऊक! गॅरेजचं दार उघडलं की एक काठी डोक्यात, गाडी मागे घेतली की दुसरी चाकाखाली, आणि तिसरीचा गळ तर एकदा बायकोच्या नव्या स्वेटरमध्ये! ती काय म्हणाली? "अहो, दोन वर्षांत तुमच्या गळाला लागलेली मीच पहिली!"

म्हणून म्हटलं, काठ्यांना स्टँड करू. दुकानातली किंमत वाचली, तिथलंच पाणी प्यायलो आणि घरी आलो. घरीच केलं! फुकटात झालं, बरं का, अगदी फुकटात!

कशाचं केलं, विचारा ना... नका विचारू. बरं, सांगतो. गॅरेजच्या भिंतीला एक जुनी लाकडी शिडी टेकून उभी होती. बारा पायऱ्यांची. ती मधोमध कापली, दोन्ही तुकडे भिंतीवर फळीसारखे आडवे ठोकले, एक वर, एक खाली. प्रत्येकात पाच खण! काठ्या किती? पाच! देवानं माप घेऊन पाठवली होती हो! मी तीन-तीनदा मोजलं, पेन्सिलीनं खूण केली, सगळं केलं... फक्त विचारलं नाही.

कारण शिडी सासऱ्यांची.

सासरे रंगारी. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली. गुडघे गेले तसे आमच्याकडे राहायला आले, एक बॅग आणि ही शिडी घेऊन. आता जो माणूस पलंगावरून उतरताना "आई गं" म्हणतो, तो शिडी चढणार आहे का? नाही ना? मीही हेच म्हटलं. करवत चालवताना दर ओढीला म्हणत होतो!

इतक्यात वरच्या खिडकीतून आवाज. "जावईबुवा, काय कापताय?"

"लाकूड, बाबा!"

खोटं बोललो का? सांगा ना, शिडी काय लोखंडाची होती?

"जुनं दिसतंय," ते म्हणाले. "आवाज छान येतोय."

हातातली करवत थांबली हो माझी! पण अर्धी कापलेली शिडी ना धड शिडी, ना धड स्टँड... कापली. फुकटात झालं, म्हटलं, फुकटात झालं.

संध्याकाळी ते स्वतः खाली आले. भिंत धरत, एकेक पायरी. मी उगाचच काठीचं रीळ पुसत बसलो. चोराच्या मनात चांदणं! ते थेट स्टँडपाशी गेले. लाकडावर रंगाचे थेंब होते, त्यांवरून बोट फिरवायला लागले. "हा पिवळा शाळेचा. हा निळा दवाखान्याचा, तीनदा द्यायला लावला त्यांनी..." आणि कापलेल्या टोकापाशी थांबले. तिथे गुलाबी थेंब होता. अर्धा. "हा तुमच्या बायकोच्या खोलीचा. जन्मली त्या आठवड्यात रंगवली."

अर्धा, हो! उरलेला अर्धा भुसा होऊन माझ्या चपलेला चिकटलेला!

मी म्हटलं, "बाबा, चुकलंच माझं, विचारायला हवं होतं..." अहो, शिव्या द्या, काठी माझ्याच पाठीत मोडा, मी वाकून उभा राहतो! तर ते टोकाकडे एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, "सरळ कापलंय हं."

मेलो! रागावले असते तर रात्री जेवलो तरी असतो.

मग जाता जाता हळूच विचारलं त्यांनी, "एखादा खण रिकामा आहे का? माझे दोन ब्रश पलंगाखाली पडलेत."

नाही म्हणणार कोण? मीच पहिली काठी काढली. दोनाचे नऊ ब्रश झाले. मग रोलर. मग डबे. रोज सकाळी खुर्ची टाकून बसतात आता, ब्रश धुतात, वाळवतात, टांगतात, आणि मी दिसलो की म्हणतात, "जावईबुवा, काय स्टँड केलंय!"

काल बायको दारामागच्या काठ्यांना अडखळली. "अहो, एवढं स्टँड केलंत ना? मग या इथे कशाला?"

काय सांगू? म्हटलं, "राहू दे गं... फुकटात झालंय."